रोज दहा टक्के घटणारे औषध

ल्युटेशियम-१७७ या किरणोत्सारी धातूचे अर्धायुष्य ६.६५ दिवसांचे आहे. व्यवहारात याचा अर्थ असा, की बाटली बंद असली, थेंबही सांडला नाही, तरी तिच्यातला जवळजवळ दहावा हिस्सा रोज संपतो. बुधवारी सकाळी रुग्णाच्या शिरेत २०० मिलिक्युरी जायला हवे असेल, तर सोमवारी सकाळी मुंबईतून सुमारे २४६ मिलिक्युरी निघावे लागते. रुग्णाला ताप आला, क्रिएटिनिन वाढले, गाडी चुकली आणि उपचार शनिवारवर गेला, तर हातात उरते १४६. कर्करोगावरच्या लक्ष्यवेधी किरणोत्सारी उपचारांविषयी जे लिहिले-बोलले जाते त्यात गाठ शोधून तिच्यावर तुटून पडणाऱ्या क्षेपणास्त्राची उपमा हमखास येते. हा हिशेब सहसा येत नाही. माझे म्हणणे असे आहे, की भारतात हा उपचार कोणाला मिळतो आणि कोणाला मिळत नाही, याचे उत्तर बहुतांशी या हिशेबातच सापडते. औषध घटत असते, ते वापरायला विशिष्ट प्रकारची खाट लागते आणि त्या खाटेपर्यंत रुग्णाला ठरल्या दिवशी पोचावे लागते. सुरत हे शहर त्यासाठी तपासून पाहण्यासारखे आहे. तिथून सुमारे ८० किलोमीटरवर काक्रापारला चार अणुभट्ट्या चालतात, मुंबई आगगाडीने चार-पाच तासांवर आहे, पैसा आणि रुग्णालये यांची शहरात वाण नाही. आणि तरीही लिंबायत-उधन्याच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या खानदेशी माणसाला हा उपचार सहज हाती लागणारा नाही.

मूळ कल्पना जुनी आहे. थायरॉइड ग्रंथी रक्तातले आयोडीन ओढून घेते आणि ते साधे की किरणोत्सारी, हे तिला ओळखता येत नाही. १९४१ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात सॉल हर्ट्झ यांनी थायरॉइडचा स्राव अतोनात वाढलेल्या रुग्णांना किरणोत्सारी आयोडीन दिले. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युएल सिडलिन यांनी शरीरात पसरलेल्या थायरॉइड कर्करोगावरचा त्याचा परिणाम प्रसिद्ध केला. (योगायोग असा, की परळचे टाटा मेमोरियल हॉस्पिटलही १९४१ चेच.) अणुऊर्जा खात्याने १९६३ मध्ये टाटाच्याच आवारात रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू केले आणि तेव्हापासून पश्चिम भारतातले थायरॉइडचे रुग्ण तिथे येत राहिले. तेव्हा ज्याला आज अत्याधुनिक म्हणून मिरवले जाते, त्याचा पाया आपल्याकडे साठ वर्षांहून अधिक जुना आहे. थायरॉइडचा नेहमी आढळणारा कर्करोग आयोडीन-१३१ ला जसा दाद देतो तसा नंतरचा कोणताही किरणोत्सारी उपचार कोणत्याही गाठीवर चाललेला नाही, हेही इथेच सांगून टाकावे. पसरलेला रोगसुद्धा तिथे पुष्कळदा पूर्ण आटोक्यात येतो. पुढे जे काही आले, ते या यशाची नक्कल करण्याचे प्रयत्न आहेत, आणि नक्कल मुळाइतकी उतरलेली नाही.

आयोडीनला जे आपसूक साधते ते ल्युटेशियमसारख्या धातूंसाठी घडवून आणावे लागते. काही गाठींच्या पेशींवर ठरावीक ग्राही मोठ्या संख्येने असतात: आतडे आणि स्वादुपिंडातल्या न्यूरोएंडोक्राइन गाठींवर सोमॅटोस्टॅटिनचे, प्रोस्टेटच्या कर्करोगावर पीएसएमए नावाच्या प्रथिनाचे. त्या ग्राहीला चिकटणारा छोटा रेणू घ्यायचा, त्याच्या दुसऱ्या टोकाला धातू पकडून ठेवणारा रासायनिक पिंजरा जोडायचा आणि त्यात ल्युटेशियम बसवायचे. ल्युटेशियमचे बीटा कण ऊतींमध्ये फार तर दोन मिलिमीटर जातात, बहुतेक एक मिलिमीटरच्या आतच थांबतात. सोबत थोडे गॅमा किरणही निघतात, त्यामुळे औषध कुठे जाऊन बसले याचे चित्र दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यात काढता येते. उपचाराआधीचा पेट स्कॅनही त्याच ग्राहीला चिकटणाऱ्या रेणूवर गॅलियम-६८ बसवून होतो. म्हणजे जी गाठ स्कॅनमध्ये उजळते तीच पुढे भाजली जाते, जी उजळत नाही तिच्यावर पैसे घालवण्यात अर्थ नसतो. केमोथेरपीत असा आगाऊ पुरावा क्वचितच हाती असतो आणि मला या उपचाराचा सर्वांत मोठा गुण हाच वाटतो.

प्रत्यक्ष उपचाराचा दिवस मात्र फारसा नाट्यमय नसतो. न्यूरोएंडोक्राइन गाठीच्या रुग्णाला आधी लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांची सलाइन लागते. दोन्ही २५-२५ ग्रॅम, चार तास. औषधाचे रेणू मूत्रपिंडात अडकून बसू नयेत म्हणून ही तजवीज. बहुतेकांना मळमळते ते या सलाइनने. लोक समजतात किरणांनी. सलाइन सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने शिशाच्या आवरणातली बाटली येते आणि तीस-एक मिनिटांत ल्युटेशियम शिरेत जाते. मग रुग्णाने भरपूर पाणी प्यायचे आणि वारंवार लघवीला जायचे, कारण जे गाठीत बसत नाही ते लघवीवाटेच बाहेर पडते. पुरुषांनाही बसूनच लघवी करायला सांगतात, फ्लश दोनदा. ते पाणी शहराच्या गटारात थेट सोडता येत नाही, ते मुरत ठेवायच्या टाकीत जाते. या टाकीचा विषय पुढे पुन्हा येईल, कारण सुरतेचा सगळा प्रश्न तिच्याशी येऊन थांबतो. अशा मात्रा न्यूरोएंडोक्राइन गाठीसाठी आठ-आठ आठवड्यांनी चार, प्रोस्टेटसाठी सहा-सहा आठवड्यांनी सहापर्यंत.

उपयोग किती, याचे पुरावे आता भक्कम आहेत, पण त्यांची मर्यादाही तेवढीच स्पष्ट आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या नेटर-१ या चाचणीत आतड्याच्या न्यूरोएंडोक्राइन गाठींचे २२९ रुग्ण होते. वीस महिन्यांनी ल्युटेशियम गटातल्या सुमारे ६५ टक्के रुग्णांचा रोग वाढलेला नव्हता. नुसत्या ऑक्ट्रिओटाइड या औषधाची दुप्पट मात्रा घेणाऱ्यांत हे प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास होते. फरक इतका मोठा, की वाद उरत नाही. मात्र अखेरच्या हिशेबात एकूण आयुष्यमान ४८ महिने विरुद्ध ३६ महिने निघाले आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो फरक उतरला नाही. दुसऱ्या गटातल्या अनेकांना नंतर हाच उपचार मिळाला हे त्याचे एक कारण. २०२४ च्या नेटर-२ मध्ये हाच उपचार पहिल्या फळीत दिला तेव्हा रोग थोपवून धरण्याचा काळ साडेआठ महिन्यांवरून जवळपास तेवीस महिन्यांवर गेला. प्रोस्टेटची २०२१ ची व्हिजन चाचणी ८३१ रुग्णांची. ते सगळे हार्मोनचे आणि केमोचे उपचार घेऊन थकलेले होते. तिथे आयुष्य सरासरी ११.३ महिन्यांवरून १५.३ महिन्यांवर गेले. ऑस्ट्रेलियातल्या थेरापी या २०० रुग्णांच्या चाचणीत ल्युटेशियमने पीएसए (रक्तातली प्रोस्टेटची खूण) निम्म्याहून खाली येणाऱ्यांचे प्रमाण ६६ टक्के, कॅबाझिटॅक्सेल या केमोत ३७ टक्के. पण शेवटी दोन्ही गट सारखेच जगले. आपल्याकडे चंडीगडच्या पीजीआयने ४० रुग्णांवर ल्युटेशियम आणि डोसिटॅक्सेल समोरासमोर ठेवून पाहिले आणि ल्युटेशियम मागे पडले नाही. चाळीस ही संख्या लहान आहे, पण परदेशी कंपनीच्या पैशावर न चाललेली, आपल्याच रुग्णांवरची तुलना म्हणून तिचे मोल आहे.

चार महिन्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न इथे रास्तपणे विचारला जातो. त्याला माझे उत्तर दुहेरी आहे. सरासरीत चार महिने दिसतात तेव्हा काहींना काहीच मिळालेले नसते आणि काहींना दोन वर्षे मिळालेली असतात. कोण कुठल्या गटात जाईल याचा अंदाज पेट स्कॅनवरून बऱ्यापैकी बांधता येतो, म्हणून निवड काटेकोर असेल तर हे चार महिने वाढतात. शिवाय हाडांत पसरलेल्या प्रोस्टेटच्या रुग्णाला वेदना कमी होणे, मॉर्फिन कमी लागणे, केमोची उलटी-अशक्तपणा टळणे याची किंमत महिन्यांत मोजता येत नाही. पण उत्तराचा दुसरा भाग उपचार करणाऱ्यांना ऐकवायला हवा. निवड ढिली केली, गाठ उजळत नसतानाही ‘शेवटचा उपाय’ म्हणून घरच्यांनी सोने गहाण ठेवून आणलेले पैसे घेतले, तर हे चार महिनेही मिळत नाहीत. तोंड कोरडे पडणे (व्हिजनमध्ये दर पाचांतल्या जवळपास दोघांना), रक्त उतरणे आणि दीर्घकाळात शंभरात दोघा-तिघांच्या अस्थिमज्जेला गंभीर इजा, एवढे मात्र मिळते. हा उपचार मोजक्या कर्करोगांसाठी आहे. थायरॉइड, न्यूरोएंडोक्राइन, प्रोस्टेट, लहान मुलांतला न्यूरोब्लास्टोमा एवढ्या नावांवर यादी जवळजवळ संपते. स्तन, फुप्फुस, तोंड यांच्या रुग्णाला कोणी ‘अणू उपचार’ विकत असेल तर आधी दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे.

पैशाचा विषय निघाला आहे तर त्याचे मूळ पाहू. अमेरिकेत प्रोस्टेटच्या ल्युटेशियम औषधाची एक मात्रा २०२२ साली बाजारात आली ती ४२,५०० डॉलरला. सहा मात्रांचे अडीच लाख डॉलरहून अधिक. भारतात हाच उपचार याच्या लहानशा अंशात होतो, कारण ल्युटेशियम ट्रॉम्बेत तयार होते. भाभा अणुसंशोधन केंद्रातली ध्रुव ही १०० मेगावॉटची संशोधन अणुभट्टी १९८५ पासून चालते. तिच्या गाभ्यात समृद्ध केलेले ल्युटेशियम-१७६ ठेवले की ते न्यूट्रॉन अधाशासारखे गिळते आणि त्याचे १७७ होते. रस्ता सरळ, स्वस्त, आणि विल्हेवाटीचा रासायनिक कचराही थोडा. तोटा असा, की सगळेच अणू किरणोत्सारी होत नाहीत, साधारण चार-पाच अणूंमागे एक होतो. उरलेले साधे ल्युटेशियम रेणूंवरच्या जागा अडवते. शिवाय १६० दिवस अर्धायुष्य असलेल्या ल्युटेशियम-१७७एमचा किंचित अंश सोबत येतो. पाश्चात्त्य कंपन्या यटर्बियमपासून निघणारे निर्भेळ ल्युटेशियम वापरतात आणि आपले ‘दुय्यम’ असल्याचे सुचवतात. रेणूचे प्रमाण नीट सांभाळले तर ट्रॉम्बेच्या मालावर उत्तम उपचार होतात, हे परळच्या केंद्राने वर्षानुवर्षे दाखवले आहे; त्या बाबतीत न्यूनगंडाला कारण दिसत नाही. जागतिक पुरवठ्याची अवस्था पाहिली तर हेवा करण्यासारखेही काही नाही. मे २०२२ मध्ये गुणवत्तेच्या अडचणीमुळे नोव्हार्टिसने इटली आणि न्यू जर्सीतले उत्पादन काही काळ थांबवले आणि पुढच्या वर्षीही अमेरिकी रुग्ण औषधासाठी रांगेत होते. अर्थात आपणही एकाच मोठ्या संशोधन भट्टीच्या भरवशावर आहोत. सायरस ही जुनी संशोधन भट्टी २०१० च्या अखेरीस बंद झाली, अप्सरा-यू ही नवी २०१८ मध्ये आली ती अवघ्या दोन मेगावॉटची. ध्रुव देखभालीसाठी थांबली की देशभरातल्या तारखा हलतात. वैद्यकीय समस्थानिकांसाठी खासगी भागीदारीतून स्वतंत्र संशोधन अणुभट्टी उभारण्याची घोषणा केंद्राने मे २०२० मध्ये केली, ती या गरजेपोटीच.

इथे सुरतकराच्या मनात साहजिक येणारा विचार म्हणजे काक्रापार. १९९३ आणि १९९५ पासून चाललेल्या २२० मेगावॉटच्या दोन भट्ट्या, त्यांच्या शेजारी २०२३ आणि २०२४ मध्ये व्यापारी वीज देऊ लागलेल्या ७०० मेगावॉटच्या दोन. चारही जड पाण्याच्या, म्हणजे कॅनडाच्या कॅन्डू घराण्यातल्या. आणि कॅनडातच ऑन्टॅरिओच्या ब्रूस वीजकेंद्राने २०२२ मध्ये आपल्या सातव्या युनिटमधून व्यापारी ल्युटेशियम काढायला सुरुवात केली. वीज तयार होत असतानाच यटर्बियमच्या कुप्या गाभ्यात सोडायच्या आणि काही दिवसांनी ओढून घ्यायच्या. मग काक्रापारला का नको? तांत्रिक उत्तर असे, की करता येईल, पण भट्टीत तशी यंत्रणा बसवावी लागेल. रावतभाट्याला कोबाल्ट-६० तयार होते ते दीर्घकाळ गाभ्यात राहणाऱ्या दांड्यांत. ल्युटेशियमची कुपी एक-दोन आठवड्यांत आत-बाहेर व्हायला हवी, आणि चालत्या वीजभट्टीच्या गाभ्याला नवे भोक पाडण्याची परवानगी नियामक मंडळ हातोहात देणार नाही, देऊही नये. मार्च २०१६ मध्ये काक्रापारच्या पहिल्या युनिटची शीतक नळी फुटली, ती भट्टी तीन वर्षांनी पुन्हा सुरू झाली. त्या परिसरात सावधगिरी ही चैन नव्हे. पण माझा खरा आक्षेप तांत्रिक नाही. काक्रापारहून ल्युटेशियम निघाले तरी ते सुरतेला येणार नाही. ते आधी मुंबईला जाईल, कारण कुपी फोडून, विरघळवून, शुद्ध करून, रेणूवर बसवून, निर्जंतुक करून तपासण्याची शिशाच्या भिंतींआडची दालने ट्रॉम्बे-वाशीला आहेत. मग तेच औषध समस्थानिके पुरवणाऱ्या ब्रिट या सरकारी मंडळाच्या गाडीतून पुन्हा सुरतेकडे येईल. ध्रुवला जोड म्हणून ही योजना देशाच्या उपयोगाची आहे आणि अणुऊर्जा महामंडळाने ती गांभीर्याने तपासावी. सुरतेच्या रुग्णाचा रस्ता मात्र तिने एका मैलानेही कमी होत नाही.

काक्रापारविषयी आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. पहिल्या युनिटच्या गाभ्यात सुरुवातीची उष्णता समान पसरावी म्हणून थोरियमचे गठ्ठे ठेवले होते; या कामासाठी थोरियम वापरणारी ती जगातली पहिली अणुभट्टी मानली जाते. थोरियमवर न्यूट्रॉन पडले की युरेनियम-२३३ होते, त्याच्या ऱ्हासातून थोरियम-२२९, आणि त्यातून ॲक्टिनियम-२२५, ज्याच्यामागे सध्या सगळे कर्करोगतज्ज्ञ लागले आहेत. ॲक्टिनियम अल्फा कण सोडते. त्यांचा पल्ला काही पेशींएवढाच, पण मारा बीटापेक्षा कितीतरी घातक. दिल्लीच्या एम्समध्ये चंद्रशेखर बल आणि संजना बल्लाळ यांच्या गटाने ल्युटेशियमला न जुमानणाऱ्या न्यूरोएंडोक्राइन रुग्णांवर त्याचा वापर करून २०२० मध्ये आशादायक अनुभव मांडले, तेही परदेशातून आणलेल्या ॲक्टिनियमवर. थोरियमचा देश ॲक्टिनियम आयात करतो, हे वाक्य भाषणात छान शोभते. आकडेमोड केली की आवेश ओसरतो. युरेनियम-२३३ चे अर्धायुष्य सुमारे १ लाख ५९ हजार वर्षांचे. एक किलो वर्षभर ठेवले तर त्यात जेमतेम चार मिलिग्रॅम थोरियम-२२९ साठते आणि त्यावर एका वेळी एक मिलिक्युरीहून कमी ॲक्टिनियम धरते. एका रुग्णाच्या एका मात्रेला पाव मिलिक्युरीच्या आसपास लागते. म्हणजे तीन-चार मात्रा, मग पुन्हा महिना-दोन महिने थांबणे. साठा दशकानुदशके जपला तर तो खरेच उपयोगी पडतो, अमेरिकेतल्या ओक रिजचा साठा तसाच जुना आहे. पण त्यासाठी सोबत येणारे युरेनियम-२३२ आणि त्याचे तीव्र गॅमा हाताळावे लागतात. हे काम पुढच्या पिढीच्या रुग्णांसाठी आज सुरू करण्याचे आहे. त्याला आजच्या सुरतेच्या रुग्णाचे उत्तर समजू नये.

आजचा रुग्ण कोण, ते पाहू. सुरतेतले लाखो मराठी भाषक धुळे, नंदुरबार, जळगावहून आले. ताप्ती लाइनची गाडी धरून आले आणि लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा इथे राहिले. यंत्रमागावर मीटरवर मजुरी मिळते, बसून राहिले की ती शून्य. अशा घरातल्या ६५ वर्षांच्या माणसाला प्रोस्टेटसाठी सहा मात्रा ठरल्या, तर सुमारे सात महिन्यांत त्याला किमान सहा वेळा मुंबई किंवा अहमदाबाद गाठावे लागते, पेट स्कॅन आणि तपासण्या वेगळ्या, सोबत एक कमावता मुलगा. आयुष्मान कार्डाने गुजरातेत जुलै २०२३ पासून दहा लाखांचे कवच दिले आहे, पण कार्ड भाडे देत नाही, लॉज देत नाही, मुलाची बुडालेली मजुरी देत नाही. आणि सर्वांत अवघड भाग परतीचा. औषध घेतलेल्या रुग्णाने काही दिवस लहान मुले आणि गरोदर बायका यांच्यापासून अंतर ठेवावे, असे प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर छापलेले असते. बोरिवलीहून सुटलेल्या जनरल डब्यात ते अंतर कसे ठेवायचे, हे कोणत्याही कार्डावर छापलेले नसते. सरकारी सल्ला आणि रेल्वेची गर्दी यांच्यात रुग्ण खोटा ठरतो.

म्हणून प्रश्न खाटेचा आहे. किरणोत्सारी उपचाराची खाट म्हणजे जाड भिंतींची, स्वतःच्या संडासाची खोली. त्या संडासातले पाणी साठवून ठेवणाऱ्या टाक्या. अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना. एक अणुवैद्यक तज्ज्ञ, एक भौतिकशास्त्रज्ञ, किरण सुरक्षा अधिकारी, आणि खोलीत न शिरता कॅमेऱ्यावरून रुग्ण सांभाळणाऱ्या परिचारिका. यातले काहीही अणुभट्टीइतके महाग नाही. शेजारी पेट स्कॅनरही हवा, कारण गॅलियम-६८ चे अर्धायुष्य अवघे ६८ मिनिटांचे, ते जनित्रातून जिथल्या तिथेच काढावे लागते. सुरतेत यातल्या बऱ्याच सोयी खासगी पैशाने उभ्या राहतात आणि राहतील. सरकारी सिव्हिल रुग्णालय किंवा महापालिकेचे स्मीमेर रुग्णालय यांच्या छताखाली, कार्डावर चालणाऱ्या अशा मोजक्या खाटा असणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि मीटरवर मजुरी घेणाऱ्याच्या लेखी तीच महत्त्वाची.

यावर सर्वांत वजनदार हरकत सार्वजनिक आरोग्यवाल्यांची आहे, आणि ती मी हलक्यात घेत नाही. ग्लोबोकॅनच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १४ लाख नवे कर्करोग रुग्ण होतात. त्यांत ओठ आणि तोंडाचे १ लाख ४४ हजारांच्या आसपास, प्रोस्टेटचे ३८ हजार. सुरतेच्या गल्लोगल्ली गुटखा-मावा खाल्ला जातो. मग तोंड तपासायची शिबिरे सोडून मूठभर प्रोस्टेटवाल्यांसाठी शिशाच्या खोल्या? निवड खरोखर या दोहोंतच असती तर मीही शिबिरे निवडली असती. पण ही खाट एका रोगाची नाही. जी खोली ल्युटेशियमसाठी, तीच आयोडीन-१३१ साठी लागते; किंबहुना आयोडीनलाच ती जास्त लागते, कारण त्याचे गॅमा अधिक भेदक. आणि थायरॉइडच्या कर्करोगाचे रुग्ण बहुतांशी बायका असतात, त्यांतल्या कित्येक तरुण, घरी लहान मुले असलेल्या. त्यांना या खाटेवर मिळते ते चार महिने नव्हे, पुष्कळदा उरलेले सगळे आयुष्य. एका खाटेचा खर्च दोन्हींवर विभागला की तो शिबिरांच्या आड येत नाही.

दुसरी हरकत भीतीची. तापीच्या पाण्याविषयी सुरतकर हळवे आहेत आणि ‘अणूचे सांडपाणी’ हा शब्द निघाला की मोर्चा निघायला वेळ लागत नाही. भीतीला हसण्यात अर्थ नाही, तिला आकड्यांनी उत्तर द्यावे. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवसांचे. टाकीत ८० दिवस राहिले की हजारातला एक भाग उरतो. शिवाय मोजल्याशिवाय टाकी सोडायची नाही हा नियम आहे. ल्युटेशियमचे गॅमा मुळातच दुबळे, त्यामुळे काही देशांत हे उपचार रुग्णाला रात्री न ठेवताही होतात. ट्रॉम्बेच्या ल्युटेशियमसोबत येणारा १७७एमचा अंश मात्र महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून वापरलेल्या बाटल्या आणि टाकीतला गाळ यांची नोंद ठेवणे आलेच. हे लपवून वॉर्ड उभारला तर पहिल्याच अफवेला तो बंद पडेल. आधीच सांगून उभारला तर लोक राहू देतील, असा माझा कयास आहे.

खाटा येईपर्यंत रुग्ण थांबणार नाहीत. ज्यांच्या घरी हा विषय निघाला आहे त्यांच्यासाठी एवढेच: मुंबईचे तिकीट काढण्याआधी बायॉप्सीचा अहवाल, प्रोस्टेट असेल तर पीएसएमए पेट आणि न्यूरोएंडोक्राइन असेल तर डोटाटेट पेटची सीडी, महिन्याभरातला रक्ताचा अहवाल आणि क्रिएटिनिन एका पिशवीत घाला, आणि स्कॅनमध्ये गाठ उजळते का हा प्रश्न डॉक्टरांना थेट विचारा. टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडशी जोडलेल्या ‘नव्या’ या ऑनलाइन सेवेवर कागद पाठवून घरबसल्या मत मिळते. आणि तारीख मिळाली तर ती चुकवू नका; ठरल्या दिवसासाठी मोजलेले ल्युटेशियम तुमची वाट पाहत थांबत नाही.